हाल्वरची चिमूट

हाल्वर स्टेनरूडला सांगितलं तेवढंच करणं जन्मात जमलं नाही. त्याचं नेहमी थोडं जास्तच व्हायचं. त्याने बरणीचं झाकण लावलं की ते उघडायला शेजारून माणूस बोलवावा लागे. बोल्ट आवळला की बोल्ट तुटे, नाहीतर पाना. एकदा चर्चच्या जेवणाला त्याने कॉफी केली. त्या रविवारी प्रवचनात कोणी पेंगलं नाही, आणि पुढच्या दोन रात्री गावात कोणी झोपलं नाही. ताटात काहीही वाढा, चव न बघता तो त्यावर मीठदाणी आठ वेळा झटकायचा. मोजून आठ.

पण त्याला स्वतःला अभिमान होता तो काडतुसांचा.

मोंटानाच्या त्या भागात, स्वेन्सबी गावात, शिकार करणाऱ्या निम्म्या घरांत काडतुसं घरीच भरतात. उडवून झालेली पितळी पुंगळी जपून ठेवायची, साफ करायची, तिच्या बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, आत मोजून दारू घालायची आणि तोंडात नवी गोळी दाबून बसवायची. काम अवघड नाही, फक्त दारू मोजताना चुकायचं नाही. जास्त झाली तर बंदूक हरणाला सोडून आपल्यालाच मारते. ही दारू ग्रेनमध्ये मोजतात. ग्रेन म्हणजे जुन्या मापाने अर्धी गुंज, म्हणजे अगदीच चिमूटभराचा व्यवहार. आणि चिमूट म्हटली की हाल्वर आलाच.

त्याच्या तळघरात एक जाड लाकडी बाक होता. बाकावर गोळी दाबून बसवायचा प्रेस, दारूचे डबे, आणि लोखंडी दांडीचा एक जुना काटा. बाकाला दोन खुर्च्या. एक हाल्वरची, एक आर्डिथची. आर्डिथ त्याची बायको. वही तिच्याकडे असे. कुठल्या बंदुकीला कुठली दारू, किती, कुठल्या दिवशी उडवली, नेम कसा बसला, सगळं ती बारीक अक्षरात लिहून ठेवी. वहीत पाहून ती काट्यावरचं वजन सरकवी, काटा हाल्वरपुढे ठेवी आणि म्हणे, "रेघेपर्यंत."

दांडीचं टोक रेघेवर येईपर्यंत हाल्वर पारड्यात दारू ओतायचा. मग आर्डिथ चष्मा काढून पुसायला लागली की दोन बोटं डब्यात घालायचा आणि वरून एक चिमूट सोडायचा. आर्डिथने चष्मा परत डोळ्यांवर चढवेपर्यंत दारू पुंगळीत गेलेली असायची. चौतीस वर्षं हे असंच चाललं. तिला कधी कळलं नाही, असं हाल्वरचं मत होतं.

सकाळी कॅफेत तो सांगायचा, "पुस्तकातले आकडे वकील लिहितात. कंपन्यांना कोर्टाची भीती, म्हणून मुद्दाम कमी छापतात. त्यावर माझी एक चिमूट पडली की गोळी कशी जाते बघा."

आणि ते खोटं म्हणायची सोय नव्हती. हाल्वरच्या काडतुसांच्या तीन गोळ्या दोनशे पावलांवर कॉफीच्या कपाच्या तोंडात मावत. गावात दुसऱ्या कोणाच्या मावत नसत.

मार्चमध्ये आर्डिथ गेली. दुखणं तीन आठवड्यांचं. बायको गेल्यावर माणसाला पहिल्यांदा कळतं की घरात किती गोष्टी आपोआप होत नव्हत्या. हाल्वरलाही ते हळूहळू कळत गेलं. टॉवेल संपले तेव्हा कळलं, आणि मुलीचा वाढदिवस उलटून गेल्यावर कळलं. उन्हाळाभर तो तळघरात उतरला नाही.

आर्डिथची एक बंदूक होती. तिच्या वडिलांनी ती सोळा वर्षांची असताना दिलेली, हलकी, बारीक नळीची. दर वर्षी एक हरीण ती त्याच बंदुकीने पाडायची. त्या मापाची काडतुसं दुकानात येणं बंद होऊन वीस वर्षं झाली होती. घरी भराल तरच बंदूक बोलणार. पन्नास खळग्यांच्या डब्यात आता सात काडतुसं उरली होती. जानेवारीत दोघांनी शेजारी बसून भरलेली.

सप्टेंबरात लव्हॉन आली. लव्हॉन ही आर्डिथची थोरली बहीण, समोरच्या घरात राहणारी. तिने लग्न केलं नव्हतं. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती, आणि गावातली अर्धी माणसं अजून तिच्यासमोर आली की नीट बसत.

"यंदा हरणाचं काय?" तिने उभ्याउभ्याच विचारलं. "माझा फ्रीजर रिकामा आहे."

"जाईन की."

"कुठली बंदूक?"

हाल्वरने भिंतीवर टांगलेल्या आर्डिथच्या बंदुकीकडे पाहिलं. "तिचीच."

"सात आहेत ना?"

"त्या सातांना हात लावायचा नाही," हाल्वर म्हणाला. "नवीन भरीन."

लव्हॉनने तळघराच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "एकटाच?"

"चौतीस वर्षं कोण भरत होतं? मीच ना? ती नुसती वही वाचायची."

"हो बाबा. नुसती वही वाचायची," लव्हॉन म्हणाली आणि निघून गेली.

दोन दिवसांनी हाल्वर तळघरात उतरला. जुन्या दारूचा डबा संपला होता, तेव्हा त्याच नावाचा नवा डबा उघडला. वहीच्या पहिल्या पानावर आर्डिथने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं: "नवा डबा, नवी सुरुवात. खालून वर. घाई नाही." नवा डबा आला की ती पुन्हा कमी दारूपासून सुरुवात करायला लावी, अर्धा अर्धा ग्रेन चढत जाई, प्रत्येक पायरीला तीन गोळ्या उडवून बघे. हाल्वरला तो नेहमी फुकटचा वेळकाढूपणा वाटायचा. दारू तीच, नाव तेच. त्याने पान उलटलं.

जुन्या काट्यावरचं वजन सरकवायचं काम आर्डिथचं होतं, आणि तिच्या खुर्चीसमोरचा काटा आपल्याकडे ओढायला त्याला नको वाटलं. मुलीने, मार्लिसने, गेल्या नाताळात एक विजेवर चालणारा काटा पाठवला होता. तो अजून खोक्यातच होता. हाल्वरने तो काढला, वहीतल्या आकड्याइतकी दारू मोजली आणि सवयीने शेजारच्या खुर्चीकडे नजर टाकली. तिथे चष्मा पुसणारं कोणी नव्हतं. तरी त्याने चिमूट टाकलीच. अशी दहा काडतुसं भरली.

शनिवारी तो गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत गेला. सगळे नेम तिथेच साधतात. क्लीट बास्कम आधीच येऊन बसला होता. क्लीट हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. हाल्वरचं काही बिघडतंय का हे बघायला तो साठ वर्षं थांबला होता.

हाल्वरने पहिली गोळी झाडली.

आवाज रोजचा नव्हता. खांद्याला बसलेला धक्काही रोजचा नव्हता. समोरच्या टेकडीवरून कावळे उठले आणि परत बसायचं नाव घेईनात. हाल्वरने पुंगळी काढायला बंदुकीच्या बोल्टची, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या खटक्याची, दांडी वर उचलली. दांडी हलेना. दोन हातांनी ओढली. हलेना.

"काय रे, वेल्डिंग केलंस का?" क्लीट म्हणाला.

"धूळ गेली असेल."

"हां. धूळच. मीही ऐकली ती धूळ."

शेवटी बंदूक मांडीवर धरून, नळी टेकडीकडे करून, हाल्वरने लाकडाच्या ओंडक्याने दांडीवर टकटक केलं तेव्हा कुठे ती उघडली. पुंगळी बाहेर आली. बुडाची टोपी, जी कडेला जराशी गोलसर असायला हवी, ती कोणी इस्त्री फिरवावी तशी सपाट झाली होती. आत दाब फार झाल्याची ती खूण.

क्लीटने ती पुंगळी बोटांत धरून उन्हात फिरवली. थट्टा करायची सोडून तो हळू आवाजात म्हणाला, "हाल्वर, उरलेली नऊ मला दे."

"का?"

"दे म्हणतो ना. तुला दोनच डोळे आहेत."

हाल्वरने दिली. दुसऱ्या कोणी मागितली असती तर दिली नसती. क्लीटने ती खिशात घातली, मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "वकिलांना फोन करू का? त्यांना म्हणावं, आकडा तुमचाच बरोबर होता."

हाल्वर घरी पोचायच्या आत ही बातमी लव्हॉनच्या घरी पोचली होती. दारावर चिठ्ठी होती: "मार्लिसशी बोलले. ती म्हणते आणखी एकदा असं झालं तर येऊन बाक घेऊन जाईल. मी तिला मदत करणार आहे. जेवायला ओव्हनमध्ये हॉटडिश आहे."

हाल्वरने हॉटडिशवर, म्हणजे मांस-बटाटे एकत्र भाजलेल्या त्या पदार्थावर, मीठ झटकलं, आठ वेळा, आणि जेवता जेवता गुन्हेगार शोधू लागला. आपली चिमूट तर असणं शक्य नव्हतं, तिच्या पाठीशी चौतीस वर्षांची चांगली चालचलणूक होती. उरले दोघं. नवा डबा आणि नवा काटा. डबा अमेरिकेत बनलेला. काटा कुठे बनलेला ते खोक्यावर बारीक अक्षरात होतं. हाल्वरने काट्याला दोषी ठरवलं आणि मार्लिसला फोन लावला.

"तुझा काटा खोटा आहे."

"बाबा, आधी सांग, हाताला काही लागलं का?"

"हाताला काय होतंय? काटा खोटा आहे, म्हणतो मी."

"खोटा कसा? ज्याचं वजन ठाऊक आहे असं काहीतरी ठेवून बघितलंस?"

हाल्वरने घरभर नजर फिरवली. घरात वजन ठाऊक असलेलं काय असतं? मग आठवलं. आर्डिथच्या बंदुकीच्या गोळ्यांच्या खोक्यावरच छापलेलं होतं, शंभर ग्रेन. त्याने फोन तसाच कानाशी धरून तळघर गाठलं आणि नव्या काट्यावर एक गोळी ठेवली. शंभर. दुसरी ठेवली. शंभर. तिसरीला एक दशांश कमी.

"काय म्हणतो काटा?" मार्लिसने विचारलं.

"विचार करतोय," हाल्वर म्हणाला आणि फोन ठेवला.

मग त्याने तीच गोळी जुन्या काट्यावर ठेवली. काटा म्हणाला, एकशे एक आणि दोन दशांश. दुसरी गोळी, तेच. तिसरी, तेच. पारडं रिकामं केलं, वजन शून्यावर आणलं. दांडीचं टोक रेघेवर थांबायला हवं होतं. ते रेघेच्या वर जाऊन थांबलं. चौतीस वर्षांत हाल्वरने रिकाम्या काट्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. ते आर्डिथ बघायची.

त्याने काटा उचलून उलटा केला. पायाखाली एक स्क्रू असतो, तो फिरवून शून्य जुळवतात. स्क्रू फिरेना. हाल्वरने भिंग आणलं. स्क्रूच्या डोक्यावर लाल रंगाचा एक जाड थेंब वाळून बसला होता. त्याखाली जुना थेंब होता, आणि त्याखाली त्याहून जुना. नेलपॉलिश. आर्डिथचं. लग्नाला, वाढदिवसाला आणि निवडणुकीला ती लावायची तोच लाल.

हाल्वर तिच्या खुर्चीत बसला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच. बसल्यावर लक्षात आलं आणि तो उठून आपल्या खुर्चीत बसला.

दुसऱ्या दिवशी लव्हॉन हॉटडिशचं भांडं न्यायला आली, तेव्हा जेवणाच्या टेबलावर भांड्याशेजारी काटा उलटा ठेवलेला होता. लव्हॉनने लाल थेंब पाहिला आणि कोट न काढता खुर्चीत बसली.

"सापडला एकदाचा," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"नेलपॉलिश माझंच होतं, पहिल्या वर्षीचं. नंतर तिने स्वतःचं घेतलं."

"माझ्या बायकोने चौतीस वर्षं काटा मारला," हाल्वर म्हणाला, "माझ्याच घरात. मला."

"वाणी गिऱ्हाइकाला मारतो तो स्वतःच्या फायद्यासाठी. तिचा काय फायदा होता? घरातला नवरा जिवंत राहिला, एवढाच. तो फायदा म्हणायचा की नाही, यावर आमचं दर वर्षी बोलणं व्हायचं."

"सांगायचं ना तोंडाने."

"सांगितलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. चिमटीच्या काडतुसाने तुझ्या भावाच्या बंदुकीचा दस्ता फोडलास तेव्हा रोज सांगायची. तू रोज 'हो' म्हणायचास आणि रोज चिमूट टाकायचास. पालथ्या घड्यावर किती दिवस पाणी ओतायचं माणसाने? मग तिने सांगणं सोडलं आणि स्क्रू फिरवला."

"पण तिला चिमूट दिसायचीच नाही. मी ती टाकायचो तेव्हा ती चष्मा पुसत असायची."

लव्हॉनने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. शाळेच्या बसमध्ये आरशातून पाहायची तसं.

"हाल्वर," ती म्हणाली, "एका संध्याकाळी पन्नास काडतुसं. पन्नास वेळा चष्मा पुसायची ती. तुझ्या तळघरात एवढी धूळ कुठून येत होती?"

हाल्वरने काटा सरळ करून ठेवला. तो उठला, कॉफी केली. पहिल्याच घोटाला लव्हॉनचे डोळे मोठे झाले आणि तिने कप दूर सारला.

आता खरा प्रश्न उरला होता. वहीतला आकडा कुठला? खरा की काटा मारलेला? तो कळल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, आणि सांगणारी सांगण्यापलीकडे गेली होती. मोसम उघडायला तीन आठवडे होते. हाल्वर तळघरात जाऊन सात काडतुसांचा डबा घेऊन आला आणि टेबलावर ठेवला.

"एक उघडावं लागेल," तो म्हणाला.

"हात लावायचा नाही म्हणाला होतास."

"म्हणालो होतो."

काडतूस उघडायला प्लॅस्टिकची पोकळ हातोडी मिळते. काडतूस तिच्या डोक्यात अडकवायचं आणि लाकडावर आपटायचं. गोळी आणि दारू सुटून पोकळीत पडतात. हाल्वरने कधी हलक्या हाताने काही आपटलं नव्हतं. त्या दिवशी तो इतक्या हळू आपटत होता की लव्हॉन म्हणाली, "दार वाजवतोयस का? आत कोणी नाही."

बाराव्या ठोक्याला गोळी सुटली. हाल्वरने दारूचा दाणा न् दाणा नव्या काट्याच्या पारड्यात उतरवला. दोघंही वाकून बघत होती. आकडा दोनदा थरथरला आणि थांबला.

हाल्वरने वही उघडली. मग बंद केली. मग पुन्हा उघडली.

"काय झालं?" लव्हॉनने विचारलं.

"तोच. वहीत आहे तोच. दशांशाचाही फरक नाही."

"मग?"

"अगं, मग काय? काटा वजन जास्त दाखवून दारू एक ग्रेन दोन दशांश कमी देत होता आणि माझी चिमूट ते भरून काढत होती. तिने माझी चिमूट मोजली होती, लव्हॉन." तो खुर्चीत मागे रेलला. "आणि मोजता आली, कारण ती चौतीस वर्षं एकसारखी होती. एका दाण्याचा फरक नाही. कोणाचा हात असेल असा? क्लीटचा आहे?"

"लाज वाटायच्या जागी छाती फुगवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय."

"मी खरं तेच सांगतोय."

तो वही मिटून उठला. त्याने ती दारू त्याच पुंगळीत परत ओतली, तीच गोळी वर ठेवली, तळघरात नेऊन प्रेसवर दाबून बसवली. काडतुसाच्या मानेवर एक ओरखडा आला तेवढाच. त्याने ते डब्यात आपल्या खळग्यात ठेवलं. पुन्हा सात झाली.

मग त्याने वहीचं पहिलं पान उघडलं आणि या वेळी ते उलटलं नाही. नवा डबा, नवी सुरुवात. खालून वर.

दुसऱ्या संध्याकाळी लव्हॉन विणकाम घेऊन आली आणि आर्डिथच्या खुर्चीत बसली. हाल्वर नको म्हणणार होता, पण ती बसलेली होती. वहीतल्या आकड्याच्या खूप खालून सुरुवात करायची, अर्ध्या अर्ध्या ग्रेनने सहा पायऱ्या, प्रत्येक पायरीची तीन काडतुसं. हाल्वरने पहिली दारू मोजली. आकडा बरोबर आला.

"हात," लव्हॉन विणकामावरची नजर न उचलता म्हणाली.

"काय हात?"

"डब्यात आहे तो."

हाल्वरने पाहिलं. खरंच दोन बोटं डब्यात होती. ती कधी गेली हे त्याला कळलंही नव्हतं. त्याने ती बाहेर काढली.

"तुझ्या चष्म्यावर धूळ नाही का बसत?" तो म्हणाला.

"मला चष्मा नाही."

अठरा काडतुसांत तिने अकरा वेळा "हात" म्हटलं. बाराव्या वेळेपासून त्याने डावा हात मांडीखाली घेतला. उजव्याला मोजायचं काम होतं.

शनिवारी खाणीत क्लीट होताच, आणि बातमी ऐकून आणखी चारजण आले होते. एकाने घडीची खुर्ची आणली होती. हाल्वरने डोळ्यांवर जाड चष्मा चढवला, पहिल्या पायरीच्या तीन गोळ्या झाडल्या आणि पुठ्ठ्यावर पाहिलं. ताटभर पसरलेल्या. बोल्ट लोण्यासारखा उघडला. टोप्या गोलसर. त्याने वहीत लिहिलं. नळी थंड व्हायची वाट पाहिली. दुसरी पायरी, बशीएवढी. पुन्हा लिहिलं, पुन्हा वाट पाहिली. वाट पाहणारा हाल्वर गावाने आधी पाहिला नव्हता. खुर्ची आणलेला माणूस कंटाळून निघून गेला.

चौथ्या पायरीला तीन गोळ्या कॉफीच्या कपाच्या तोंडात मावल्या.

क्लीटने पुठ्ठ्याजवळ जाऊन भोकं मोजली. हाल्वरने पाचवी पायरी घेतली. वहीतला जुना आकडा तो हाच, आर्डिथचा. पहिली गोळी बरी गेली. पण बोल्ट उचलताना दांडी तळहाताला जराशी जड लागली, आणि टोपीची कड किंचित दबलेली दिसली. या डब्यातली दारू मागच्या डब्यापेक्षा चढी होती. नाव तेच, रंग तोच, तरी चढी.

त्याने पाचव्या पायरीची उरलेली दोन आणि सहावीची तीनही काडतुसं डब्यात परत ठेवली.

"हे काय?" क्लीट म्हणाला. "अजून पाच आहेत की."

"थांबायचं इथे. घरी नेऊन उघडीन."

"अरे, एवढंसं तर जड लागलं. आणि ती वकिलांची गोष्ट?"

हाल्वर वही मिटत म्हणाला, "ही वही वकिलांनी लिहिलेली नाही."

क्लीटने डोक्यावरची टोपी मागे सारली. "इतकी वर्षं तुझ्या चिमटीचं ऐकलं मी."

"चिमूट बरोबरच होती," हाल्वर म्हणाला. "पण तिला तो काटा लागतो."

त्या संध्याकाळी त्याने वहीत आर्डिथच्या बारीक ओळींखाली स्वतःच्या ढोबळ अक्षरात नवा आकडा लिहिला, तिच्यापेक्षा अर्धा ग्रेन कमी. उभ्या आयुष्यात त्याने कमी केलेली ही पहिली गोष्ट. मग डावा हात मांडीखाली घेऊन वीस काडतुसं भरली. वीस कशाला लागतात, असं लव्हॉनने विचारलं. हाल्वर म्हणाला, थोडी जास्त असलेली बरी.

मोसम उघडला त्या शनिवारी ऊन वर यायच्या आत त्याला हरीण मिळालं. एका गोळीत. लव्हॉनचा फ्रीजर भरला, मार्लिसने बाकाचं नाव काढणं सोडलं, आणि रविवारी लव्हॉनने हाल्वरच्या स्वयंपाकघरात हरणाच्या मांसाचा रस्सा केला, बटाटे आणि गाजरं घालून.

हाल्वरने ताट पुढे ओढलं आणि मीठदाणी उचलली. एक, दोन, तीन, चार. पाचव्या झटक्याला त्याचा हात थांबला. ताटात पडलेलं मीठ चार झटक्यांच्या मानाने फारच थोडं होतं. त्याने मीठदाणीचं झाकण फिरवून काढलं आणि खिडकीकडे धरलं. झाकणाला सात भोकं होती. उजेड तिनांतून येत होता. बाकीच्या चारांत, आतल्या बाजूने, लाल थेंब बसले होते.

लव्हॉन जेवत राहिली.

हाल्वरने झाकण परत लावलं. उरलेले चार झटके मारले. रस्सा चाखला. मीठ बरोबर होतं.

त्याने मीठदाणी जागेवर ठेवली. मग त्याने भिंतीवरच्या, घर गरम ठेवणाऱ्या यंत्राच्या बटणाकडे पाहिलं. मग कॉफीच्या डब्यातल्या चमच्याकडे. मग खिडकीतून बाहेर, आपल्या पिकअपकडे.

"किती आहेत असे?" त्याने विचारलं.

"ते मी सांगणार नाही," लव्हॉन म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक पळी वाढली. "हिवाळा मोठा आहे. शोध."